गायब झालेली खिडकी

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला अर्धीच गोष्ट पोचते. देवाच्या दारात सगळे सारखे असतील, पण गोष्ट ऐकताना पुढे बसणाऱ्याचं पारडं जड. आजची गोष्ट ना राजाची, ना साधूची. एका तक्ते करणाऱ्या माणसाची आहे. कोणे एके काळची म्हणाल तर तीही नाही, परवापरवाची आहे. ऐका.

"खिडकी कुठे गेली माझी?" रकानेमास्तर कॉम्प्युटरला विचारत होते.

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. खोलीला एकच खिडकी, ती जागच्या जागी होती आणि तिच्यातून नेहमीसारखा पाण्याच्या टाकीचा पाइप दिसत होता. मास्तर शोधत होते ती पडद्यावरची. तक्त्याचा प्रोग्रॅम उघडला की वरच्या ओळीत एकापुढे एक शब्द असत: फाइल, एडिट, व्ह्यू, आणि शेवटून दुसरा विंडो. त्या विंडोत शिरलं की खाली 'फ्रीझ' असे. ते दाबलं की रुग्णांच्या नावांचा रकाना जागेवर गोठून राहायचा आणि बाकीचा आठवडा त्याच्यापुढून सरकायचा. एकोणीस वर्षं मास्तरांनी दिवसाची सुरुवात या गोठवण्याने केली होती. काल संध्याकाळी कंपनीचा माणूस येऊन नवी आवृत्ती घालून गेला, आणि आज वरच्या ओळीच्या जागी हातभर रुंद पट्टी आली होती. तिच्यावर शब्द थोडे नि चित्रं फार. बादली, कात्री, कुंचला, एक नरसाळं. एखाद्या घरमालकाने अडगळीची खोली दारात आणून ओतावी तसं.

हे डायलिसिसचं केंद्र. ज्यांची मूत्रपिंडं दमली, त्यांचं रक्त इथे यंत्रातून धुऊन परत अंगात जातं. यंत्रं बारा, दिवसाच्या पाळ्या तीन. अर्धे रुग्ण सोमवार-बुधवार-शुक्रवारचे, अर्धे मंगळवार-गुरुवार-शनिवारचे. कुणी कधी, कुठल्या यंत्रावर, किती तास, हा तक्ता मास्तर करायचे. त्यांचं आडनाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. रकान्यात रकाने बसवणारा म्हणून सगळे रकानेमास्तरच म्हणत, आणि घरी बायकोही फोनवर "रकानेमास्तर आहेत का?" असं मुद्दाम विचारी.

दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता भिंतीवर लागे. पहिली पाळी अकराला सुटे. साडेअकराला केंद्राची गाडी त्या लोकांना घरोघर सोडायला निघे. तक्ता त्याच्या आत लागला पाहिजे. कारण पुढच्या खेपेला कधी यायचं हे ठाऊक नसलेला माणूस घरी गेला, तर तो येतच नाही, आणि न आलेल्या माणसाचं काय होतं ते मास्तरांनी पाहिलेलं होतं.

एरवी दीड तासाचं काम. पण आज दारात मोठी सिस्टर उभी राहिली, आणि तिचा चेहरा पाहूनच मास्तरांनी चष्मा काढला.

"चार नंबरचं यंत्र गेलं," ती म्हणाली. "काल रात्रीच्या पाळीत. पार्ट यायला पुढचा शुक्रवार उजाडेल."

"म्हणजे सहा माणसं."

"सहा. कुठेतरी बसवा. मात्र एक बघा मास्तर, कुणाला तीन दिवसांचा खाडा नको. दोन दिवस चालतील, तिसरा नाही."

"हे मला सांगता?"

"तुम्हाला नाही सांगत. तुमच्या त्या नव्या डब्याला सांगतेय," सिस्टर म्हणाली आणि चपला फटफटवत निघून गेली.

खाड्याचा हिशोब साधा आहे, तुम्हीही ध्यानात ठेवा. शुक्रवारी झालेल्याला सोमवारी बोलावलं, तर मध्ये शनिवार, रविवार. चाललं. त्यालाच दुसऱ्या गटात ढकलून मंगळवारी बोलावलं, तर मध्ये तीन दिवस पडले. तेवढ्यात पाणी अंगात साठतं, छातीवर चढतं. तक्त्यात बघाल तर एकच घर सरकलेलं असतं.

मास्तर कामाला लागले. म्हणजे लागायला निघाले. नावं यंत्रवार लावायची तर 'सॉर्ट' पाहिजे. पूर्वी डेटाच्या खाली पहिलंच. आता डेटा होता, पण त्याच्या खाली काहीच उघडेना, सगळं आडवं पसरलेलं. सॉर्टच्या जागी दोन अक्षरं आणि एक बाण. बाण वर की खाली हे कळेपर्यंत नावं उलटी झाली. परत सुलटी करायला 'अनडू' शोधलं, ते पट्टी सोडून अगदी वर माळ्यावर जाऊन बसलेलं, राईच्या दाण्याएवढं. छपाईची हद्द आखायची सोय फाइलमधून उठून भलतीकडेच गेली होती. गोठवणं अखेर व्ह्यूमध्ये सापडलं, तोवर पावणेनऊ वाजले होते.

"भाडेकरू घर बदलतो तर निदान दारावर चिठ्ठी लावतो," मास्तर पुटपुटले. "यांना तेवढीही रीत नाही."

त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"काका, सगळं तिथंच आहे हो," पलीकडून आवाज आला. "फक्त जागा बदलल्यात."

"फक्त जागा? उद्या तुमच्या घरी मी तुमचं स्वयंपाकघर न्हाणीघरात नेऊन ठेवतो. सगळं घरातच आहे म्हणेन."

पलीकडचा हसला. "वर शोधायचं खोकं आहे ना. त्यात लिहा काय हवंय ते."

"काय हवंय ते मला माहीत आहे. त्याचं आता नाव काय ठेवलंय ते कुठे माहीत आहे?"

पण खरी अडचण पुढेच होती. साडेनऊच्या सुमारास सहाही नावं कशीबशी बसली. पाच जागा आधीच रिकाम्या होत्या, एक बाई परगावी लेकीकडे चालली होती, तिची जागा मिळाली. पण दिवस जुळवताना चौघांना इकडून तिकडे, तिघांना तिकडून इकडे असं करत वीस-बावीस घरं हलली. आता तपासणी. मास्तरांनी उजव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबलं. त्याच्यावर एकच शब्द होता: खाडा.

काही झालं नाही. पट्टीखाली एक तांबडी ओळ उमटली. तिचं म्हणणं एवढंच, की या फाइलमधल्या काही सूचना कुणी लिहिल्या ते ठाऊक नसल्याने धोका आहे, म्हणून त्या बंद केल्या आहेत.

मास्तर त्या ओळीकडे बघत राहिले. ते रागावले की त्यांचे कान लाल होत, तसे झाले.

कारण ते बटण कुणी केलं हे त्यांना ठाऊक होतं. गणिताच्या बाईंनी. शाळेत तीस वर्षं त्रैराशिकं शिकवून निवृत्त झालेल्या बाई सहा वर्षं इथे येत होत्या. एकदा असाच तक्ता सरकला, त्यांना तीन दिवसांचा खाडा पडला आणि चौथ्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून, प्राणवायू लावून आणलं होतं. बऱ्या झाल्यावर त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर मान खाली घालून गेले. बाई म्हणाल्या, "मान वर करा. चूक तुमची नाही, डोळ्यांची आहे. डोळे शंभर घरं बघत नाहीत, दहा बघतात आणि नव्वद गृहीत धरतात. तुमचा तक्ता मला आणून द्या." मग पुढचे दोन महिने, एका हातात सुया आणि दुसरा हात मांडीवरच्या लॅपटॉपवर, असं चार चार तास बसून त्यांनी ते बटण केलं. दाबलं की दर माणसाचा मागच्या आठवड्याचा शेवटचा दिवस आणि पुढच्याचा पहिला दिवस ताडून बघायचं, आणि कुठे तीन दिवस निघाले की पडद्यावर पाटी यायची: 'यांना तीन दिवस थांबायला लावताय. विचारलंत का त्यांना?' बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. पाटी मात्र मास्तरांना अजून दर महिन्यात एखादवेळी दटावत असे, आणि मास्तर पडद्याला "बरं बाई" म्हणून घर दुरुस्त करत.

आता प्रोग्रॅम म्हणत होता, कुणी लिहिलं ठाऊक नाही.

पुन्हा फोन.

"हां, मॅक्रो," कंपनीचा माणूस म्हणाला. "बटणामागे लिहिलेल्या सूचना. ते सगळ्यांचे बंद केलेत काका. त्यातून व्हायरस येतात."

"बाईंकडून आयुष्यात कुणाला सर्दी झाली नाही."

"अहो, मी काय करू? वरून परवानगी लागते. अर्ज पाठवा, सोमवारी बघतो."

"सोमवारी मी तक्ता लावून काय करू? तो सोमवारचाच आहे."

फोन ठेवला. पावणेदहा. मास्तरांनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि काउंटरवर गेले. तिथला कॉम्प्युटर जुना, त्यावरची आवृत्ती मधली, ना जुनी ना नवी. काउंटरवरच्या ताई एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पावती लिहीत होत्या. त्यांनी खुर्ची सरकवून वाट दिली. फाइल उघडली. वर एक पिवळी पट्टी आली, तिच्यात काहीतरी विचारलं होतं आणि शेजारी एक बटण होतं. मास्तरांनी चष्मा वर सरकवेपर्यंत ताईंनी सवयीने फुलीवर टिचकी मारून ती घालवली.

"ताई, काय केलंत?"

"अहो, ते येतच असतं मास्तर. मी रोज घालवते. चिलटासारखं असतं."

"त्या चिलटालाच विचारायचं होतं हो मला."

फाइल बंद करून परत उघडली. पिवळी पट्टी आली, परवानगी दिली, हिरवं बटण दाबलं. आता तिसराच निरोप: अमुक ओळीत चूक आहे. नव्या आवृत्तीने फाइल जतन करताना आत काहीतरी हलवलं होतं, ते या मधल्या आवृत्तीला वाचता येईना. मग मोठ्या सिस्टरची टॅबलेट. तिच्यात तक्ता थेट इंटरनेटवर उघडायचा. बटण दिसत होतं, अगदी हिरवंगार. दाबलं की ते जागेवरून सरकायचं. पुन्हा दाबलं, आणखी सरकलं. चौथ्यांदा ते गुरुवारच्या रकान्यावर जाऊन बसलं.

"हे काय चाललंय?" सिस्टरने विचारलं.

"एकाला हात नाहीत, एकाला डोळे नाहीत, आणि तुमचं हे बाळ नुसतं रांगतंय," मास्तर म्हणाले. "तिघंही म्हणतात मी तोच प्रोग्रॅम आहे."

"मग हाताने तपासा की. पूर्वी करत होतातच."

मास्तर आपल्या खोलीकडे वळले. पूर्वी ते हाताने तपासत होते, त्याच काळात बाईंना तीन दिवस पडले होते.

साडेदहा वाजता त्यांनी दोन्ही आठवडे छापून घेतले. छापताना उजवा रकाना दुसऱ्या पानावर गेला, तो परत आणण्यात आठ मिनिटं गेली. मग फूटपट्टी घेऊन बसले. नाव, शेवटचा दिवस, पहिला दिवस, बरोबरची खूण. सहासष्ट नावं. मध्ये फोन वाजला. मध्ये ताई येऊन म्हणाल्या, गाडीवाला विचारतोय. मध्ये एकदा खोलीतला पंखा बंद पडला आणि चालू झाला. मास्तरांनी सहासष्टाव्या नावावर खूण केली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कागदाला चार कोपऱ्यांत चिकटपट्टी लावून ते बाहेर आले, तक्ता भिंतीवर चढवला आणि तिथेच बाकावर टेकले. पाठ दुखत होती. पण लागला होता एकदाचा, वेळेत.

पहिल्या पाळीचे लोक दंडावर पट्ट्या दाबत एकेक करून येत होते. आपली ओळ शोधायची, बोट ठेवायचं, ओठ हलवत दिवस मनात घोळवायचा आणि निघायचं. त्यांत कंडक्टर होता. बसवर अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडलेला, काटकुळा, उंच माणूस. सोबत बायको, हातात पिशवी. चार नंबरचा सकाळच्या पाळीचा रुग्ण तोच. आज त्याची कशीबशी दुसरीकडे सोय झाली होती.

कंडक्टरने बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"काय आहे हो?" बायकोने विचारलं.

"मंगळवार."

"मंगळवार? तुमचा सोमवार ना?"

"चार नंबर बंद पडलंय."

बायकोने बोटांवर मोजलं. "म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार... अहो, तीन दिवस होतात की. सांगा ना त्यांना."

"हळू बोल."

"मागे मंगळवार झाला होता तेव्हा काय झालं, विसरलात? मी रात्रभर उशा लावत बसले होते पाठीला. सांगा, नाहीतर मी सांगते."

"कुणाला सांगतेस? मास्तर सकाळपासून पळताहेत. मघाशी सुया टोचून पडलो होतो तर तीनदा पुढून गेले." कंडक्टरने खिशातून चिठोरं काढून मंगळवार लिहून घेतला. "पाणी कमी करू. उद्यापासून दोन पेले."

"दोन पेल्यांत गोळ्या तरी जातात का घशाखाली?"

"जातील."

बाक चार हातांवर होता. मास्तरांनी सगळं ऐकलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "चला, गाडी सुटेल," आणि दोघं दाराकडे वळली.

मास्तर उठले. आधी तक्त्याकडे गेले. कंडक्टरच्या नावापुढे त्यांचीच खूण होती, ठळक. पंखा बंद पडला तेव्हाची असावी, किंवा नसेलही. डोळे दहा बघतात.

"थांबा," मास्तर म्हणाले.

कंडक्टर वळला. "राहू द्या मास्तर, चालेल."

"कसं चालेल? कुणाला चालेल?" मास्तरांचा आवाज चढला, मग त्यांना कळलं की आपण भलत्यावर ओरडतोय. "गाडीवाल्याला पाच मिनिटं थांबायला सांगा. वहिनी, तुम्ही बसा."

मोठी सिस्टर हात धुत होती. मास्तर दारातच म्हणाले, "चुकलो. कंडक्टरला तीन दिवस पडलेत. सोमवारी घर नाही, मी सगळं बघितलंय."

सिस्टरने नळ बंद केला. ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती विचार करत होती.

"उद्या," ती म्हणाली. "पहिली पाळी सातला लागते. त्याआधी सात नंबरवर अडीच तास देऊ. मग रविवार, सोमवार दोनच दिवस राहतात. यंत्रांच्या पाण्याची टाकी चारला चालू करावी लागेल. मी येते. त्याला साडेचारला यायला जमेल का विचारा."

मास्तर बाहेर आले आणि विचारलं. बायको नवऱ्याकडे बघू लागली. कंडक्टर म्हणाला, "पहाटेची पहिली गाडी माझीच असायची."

मग मास्तरांनी तक्ता काढला नाही, पुन्हा छापलाही नाही. खिशातलं पेन काढून, जमलेल्या सगळ्यांच्या देखत, छापील कागदावर कंडक्टरच्या ओळीत लिहिलं: शनिवार, पहाटे साडेचार, यंत्र सात. आणि तळाशी, जिथे कधीच काही लिहिलेलं नसे तिथे: 'ही ओळ माझ्याकडून चुकली होती. चार नंबरच्या बाकीच्या पाचजणांनी जाण्यापूर्वी मला भेटावं.' खाली सही केली. उरलेले पाचजण त्यांनी एकेक करून गाठले, कुणाला खाटेपाशी, कुणाला फोनवर, आणि तोंडाने विचारलं, शेवटची खेप कधी, पुढची कधी, जमेल का. दुपारचा डबा साडेतीनला उघडला. कंपनीला अर्ज त्याच दिवशी गेला. परवानगी तीन आठवड्यांनी आली, तीही चुकीच्या कॉम्प्युटरसाठी.

शनिवारी मास्तरांना सुट्टी असते. तरी पहाटे सव्वाचारला ते काउंटरच्या खुर्चीवर येऊन बसले होते. टाकीच्या मोटारीचा घुमघुमाट चालू होता. कंडक्टर आला, चपला काढून वजनकाट्यावर उभा राहिला. सहाशे ग्रॅम वाढलं होतं. सिस्टरने आकडा लिहिला, सुया लावल्या, यंत्र सुरू केलं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

मास्तर खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"काल बोलला का नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

कंडक्टरने जरा विचार केला. रुसवा नव्हता त्याच्या तोंडावर. उलट असं साधं कसं विचारतात, असं काहीतरी होतं.

"गाडी भरलेली असली ना मास्तर, की कुणालातरी उभं राहावं लागतं. माझं आयुष्य उभ्यानेच गेलं. म्हटलं, आपल्याला सवय आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग चादर पायांवर नीट ओढून दिली, एक पाय उघडा राहिला होता.

एवढीच गोष्ट. आता दिवा मालवण्यापूर्वी हात जोडाल, घरच्यादारच्यांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यामागोमाग कंडक्टरलाही आठवा. अगदी शेवटी जागा दिलीत तरी चालेल. तो उभा राहील.